उलट्या नळीतलं वंगण

मी एक जुनी परीक्षानळी आहे. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, ओठावरचा एक टवका उडालेली आणि पोटावर केसासारखी बारीक चीर असलेली. तुम्ही मला पाहायला आलात तर आधी हसाल, कारण मी उलटी टांगलेली आहे. तोंड खाली आणि बूड वर. नगरच्या स्टेशनकडच्या रस्त्याला वंगण बनवण्याची एक पत्र्याची शेड आहे, तिच्या दारात सुतळीला बांधून मला ठेवलं आहे. माझ्यात दोन बोटं वंगण आहे आणि माझं तोंड उघडं असूनही ते खाली पडत नाही. ते का पडत नाही, हे सांगायचं तर मागच्या वर्षीच्या, म्हणजे त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यातला एक दिवस सांगावा लागेल, मित्रांनो.

पण आधी माझं मूळ-कूळ ऐका. माझा जन्म मुंबईच्या एका काचेच्या भट्टीत झाला. एका कारागिराने मला ज्योतीवर फिरवत फिरवत माझं बूड गोल केलं. मग पेंढ्यात गुंडाळून मी नगरच्या कॉलेजात आले. तिथे मी बारा-तेरा वर्षं नोकरी केली. एकदा माझ्यात असा सुरेख निळा रंग उतरला, की सरांनी मला उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवलं. त्या दिवशी मी कितीतरी वेळ हवेतच होते. पुढे एका घाईच्या मुलाने मला नळावर आपटलं आणि ओठाचा टवका उडाला. टवका उडालेल्या नळीला कोण विचारतो? मला फुटक्या काचांच्या खोक्यात टाकून दिलं. तिथे मी धूळ खात पडले होते आणि मनातून पार खचले होते.

त्या खोक्यातून मला उचललं पुष्पावतीने. ती त्याच कॉलेजात शिकून तिथेच प्रयोगशाळेत मदतनीस होती. लग्न ठरलं तेव्हा तिने सरांना विचारून माझ्यासारख्या तीन टाकाऊ नळ्या रुमालात बांधून घेतल्या. सासरी येताना कोणी दागिने आणतं, कोणी भांडीकुंडी आणतं. हिने फुटक्या नळ्या आणल्या, म्हणून जावा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. माझ्या दोघी बहिणी आधीच्याच वर्षी फुटल्या. उरले मी एकटी.

ही शेड तिच्या सासऱ्यांची, काकासाहेबांची. नवरा पुण्याला नोकरीला, त्यामुळे शेडच्या मागच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांजवळ ती राहायची. काकासाहेब पंचवीस वर्षं वंगण बनवत होते. मोठ्या कढईत तेल तापवायचं, त्यात चरबी आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण घालायचा, तो विरघळेपर्यंत ढवळायचं आणि मग हळूहळू निवू द्यायचं. निवता निवता ते लोण्यासारखं घट्ट होतं. ट्रकच्या चाकात भरतात ते ग्रीस हेच. कढईवर भिमाजी नावाचा म्हातारा गडी असायचा. तेलाची पारख काकासाहेब दोन बोटांत चोळून आणि नाकाने करायचे, आणि ती चुकत नाही असा त्यांचा लौकिक होता.

त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या. पाथर्डीकडच्या गावांना टँकरने पाणी जात होतं. टँकर रात्रंदिवस धावत होते, म्हणून वंगण पुरत नव्हतं. बाजारातले कंपनीचे डबे केव्हाच संपले होते. काकासाहेबांचं नेहमीचं तेल काळपट, हिरवी झाक मारणारं, उग्र वासाचं. ते यंदा आलंच नाही. त्याऐवजी एका व्यापाऱ्याने दुसरंच पिंप पाठवलं. ते तेल पाण्यासारखं नितळ होतं आणि त्याला वास म्हणून नव्हता. काकासाहेबांनी ते बोटांत चोळलं आणि ते हरखून गेले. शेडमध्ये चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर त्यांनी वाटी उन्हात धरली.

"बघा, कसं तुपावानी तेल हाय! आजवर आमी चिखल वापरत हुतो, चिखल!"

त्या तेलाचा पहिला घाणा निघाला. पुष्पावतीला सवयच होती, नवा घाणा निघाला की चमचाभर वंगण माझ्यात भरायचं, मला उलटं करायचं आणि खाली कागद ठेवायचा. नळी उलटी केली आणि आतलं घसरलं नाही, तर ते खरोखर थिजलं. घसरलं, तर ते नुसतंच दाट झालेलं. इतकी साधी ती परीक्षा. त्या दिवशीही तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत उलटं ठेवलं. सकाळी कागदावर रुपयाएवढा तेलाचा डाग होता.

मित्रांनो, तो डाग मी रात्रभर पडताना पाहिला होता. माझ्यातलं वंगण वरून शहाण्यासारखं बसलं होतं, पण त्यातून तेल थेंबाथेंबाने सुटत होतं. पुष्पावतीने कागद उचलला, मला हातात घेतलं आणि ती शेडच्या दारापर्यंत गेली. आत काकासाहेब कुणाला तरी सांगत होते, असं तेल नगरात कुणाकडे नाही म्हणून. समोर पाव्हणे होते. चार माणसांत सासऱ्याचं बोलणं खोडून काढायचं कसं? सुनेची ती रीत नव्हे. ती उंबऱ्यावर थांबली. मग मागे फिरली, मला पुसून आतल्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलं आणि कागद चुलीत घातला. मला तोंड आहे, पण वाचा नाही. तिला वाचा होती, आणि तिने ती गिळली. त्याचा राग मला अजून येतो.

पाच दिवसांनी, दहाच्या सुमाराला, सहादेव शेडमध्ये आला. तो टँकरचा ड्रायव्हर. शर्ट घामाने चिकटलेला, तळहाताला चिंधी गुंडाळलेली. करंजी घाटातून एका ट्रकवर बसून तो आला होता.

"काकासाहेब, तुमचं वंगण पार पातळ हून वाहून गेलं बगा. मागचं चाक धगधगत हुतं. हात लावला तर ह्यो फोड आला. बेअरिंग जळालं. टँकर भरल्याला हाय, पर जागचा हलत न्हाई."

"कोणच्या गावाला चालला हुतास?" काकासाहेबांनी विचारलं.

"वाघझरीला. कालची खेप बी चुकली हुती. तिथं टाकीत थेंब न्हाई. दुसरा टँकर शेवगावाकडं गेलाय, त्यो परवापातुर येत न्हाई."

आतल्या दाराशी पुष्पावती उभी होती. वाघझरी तिचं माहेर. तिची आई राहीबाई तिथे होती आणि भावजय कडूबाई आठ दिवसांची बाळंतीण होती. घरात ओली बाळंतीण, आणि प्यायला पाणी नाही. माझ्या कोनाड्यातून मला तिचा चेहरा दिसत होता. तो राखेसारखा झाला होता. सासरच्या वंगणाने माहेरचं पाणी घाटात अडवलं होतं, आणि तिला ते पाच दिवस आधी ठाऊक होतं.

ती पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरला, पण आवाज सावरता आला नाही.

"मामंजी, मला माहीत होतं. वंगणातून तेल सुटत होतं. मी नळीत पाहिलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग का गं बोलली न्हाईस?" काकासाहेब ओरडले. पत्रा थरथरला असेल इतक्या जोराने ते ओरडले.

"पाव्हणे बसले होते," ती म्हणाली.

भिमाजी कढईकडे पाहत राहिला. काकासाहेब खाली बसले आणि बराच वेळ नितळ तेलाच्या वाटीत बोट फिरवत राहिले. त्याच घाण्यातलं वंगण आणखी पाच टँकरांना गेलं होतं. ते वाटेत होते, घाटात होते, उतारावर होते. शेवटी त्यांनी मान वर केली.

"सहादेव, आदी टँकरच्या हापिसात जाऊन सांग. म्हणावं, काकासाहेबाचं वंगण खोटं निघालं, गाड्या जागच्या जागी उभ्या करा. माजं नाव घिऊन सांग, लपवू नगं. मंग बाजारातून बेअरिंग घेऊन हितं ये."

पंचवीस वर्षांचं नाव त्यांनी एका वाक्यात खाली ठेवलं. मग सुनेकडे वळले.

"आता बोल. काय करायचं?"

"आधी नळीत करून पाहू. कढई पेटवून सगळा साबण घालवला तर हातात काही उरायचं नाही," ती म्हणाली.

आणि मित्रांनो, मला कोनाड्यातून खाली काढलं.

दुष्काळात पाण्याने नळी धुणार कोण? तिने मला चुलीच्या राखेने आणि चिंधीने घासलं. माझ्यात ते नितळ तेल घातलं, त्यात साबणाचे चार कण टाकले आणि मला स्टोव्हवर धरलं. साबण विरघळला. तिने मला सावलीत निवत ठेवलं. सगळे माझ्यात वाकून पाहत होते. हळूहळू आत पांढरे गोळे जमले, रव्यासारखे, आणि वर तेल मोकळं उभं राहिलं. तिने मला उलटं केलं तसं ते भळकन खाली आलं. कढईत ढवळून ढवळून ते वरवर तरी बसलं होतं, इथे उघडं पडलं.

तुम्हाला बाहेरून गोळे दिसतात. मला आतलं दिसतं, ते सांगते. साबणाचे अगदी बारीक बारीक कण निवताना एकमेकांचा हात धरतात. त्यांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते, आणि त्या जाळीत तेल अडकून बसतं. वंगण म्हणजे तेल धरून ठेवलेली ती जाळीच. पण जाळी होणं न होणं नुसतं साबणाच्या हातात नसतं, ते तेलाच्या स्वभावावर असतं. ह्या नितळ तेलाला साबणाचं वावडं होतं. त्याने साबणाला जवळच केलं नाही, म्हणून साबण आपला आपल्यातच गोळा होऊन बसला. जाळी व्हायची ती झालीच नाही.

"म्हंजी तेलाला साबनाची माया पायजे," भिमाजी म्हणाला. "मंग एरंडेल घ्या की. आमच्या वक्ताला गाडीच्या आसाला एरंडेलच लावायचो. लई चिकाट असतं."

घरात बाटलीभर एरंडेल होतं. तिने नुसतं एरंडेल घेऊन पाहिलं. राखेने घासणं, भरणं, तापवणं, पुन्हा सगळं तेच. आता माझी काच जिकडेतिकडे कुरकुरत होती. ह्या वेळी साबण असा काही विरघळला की निवल्यावरही वर यायला तयार नव्हता. गोळा नाही, दाणा नाही, सगळं गढूळ पाकासारखं. मला उलटं केलं तर ते काकवीसारखं सावकाश ओघळलं. एरंडेलाने साबणाला इतकं कुशीत घेतलं होतं, की त्याला आपल्या भावंडांचा हात धरायची गरजच उरली नव्हती. ह्याही तऱ्हेने जाळी नाहीच.

आत चिकटलेलं एरंडेल सुटावं म्हणून तिने मला पुन्हा स्टोव्हवर तापवलं. तेवढ्यात भिमाजीने मला स्टोव्हवरून उचलायला आपलं उपरणं गुंडाळलं. ते घामाने ओलं होतं. माझ्या पोटात चर्र झालं. मी खरंच सांगते, मला वाटलं संपलं. पुष्पावतीने मला झटकन कोरड्या फडक्यावर घेतलं. पोटावर केसभर चीर गेली होती.

"फुटली का?" काकासाहेबांनी विचारलं.

तिने मला उजेडाकडे धरून पाहिलं. "तडकलीय. आणखी एकदा सोसेल. दोनदा नाही सोसायची."

भिमाजीने ते ओलं उपरणं दूर भिरकावलं. बाहेर ऊन माथ्यावर चढत होतं. सहादेव बेअरिंग घेऊन आला आणि दारात उकिडवा बसला. पुष्पावती एरंडेलाच्या बाटलीकडे बघत होती, मग तेलाच्या वाटीकडे. तिला घागर रिकामी घेऊन टाकीपाशी बसलेली आई दिसत असणार.

"मामंजी, नुसतं नितळ तेल साबणाला दूर ठेवतं. नुसतं एरंडेल त्याला विरघळवून टाकतं. आपलं जुनं काळं तेल ह्या दोघांच्या मधलं होतं," ती म्हणाली.

काकासाहेबांनी हनुवटी खाजवली. "सोयरा लई लांबचा नसावा नि लई जवळचा बी नसावा, असंच ना हे?"

"असंच, मामंजी."

"मंग मिसळ दोनी. पर किती?"

तेच तर माहीत नव्हतं. जुन्या तेलाचं पिंप कोपऱ्यात रिकामं पडलं होतं. काकासाहेब उठले, त्याच्या तळाशी बोट फिरवून आले, डोळे मिटून दोन बोटं चोळू लागले. ती नितळ तेलात एरंडेल थेंबाथेंबाने घालत गेली आणि दर खेपेला वाटी त्यांच्यापुढे धरत गेली. "न्हाई... अजून न्हाई... थोडं घाल..." असं करत करत सहाला एक भाग पडला, तेव्हा ते म्हणाले, "हां. हातावर हेच लागतंय." ज्या बोटांनी घात केला होता, त्याच बोटांवर आता विश्वास ठेवायचा होता. तिने ठेवला.

ते मिश्रण माझ्यात आलं. साबण पडला. ज्योत लागली. चीर तापली तशी मी आतल्या आत अंग आकसून घेतलं. तुम्ही म्हणाल, काच कशी आकसेल? मी काय केलं ते मलाच ठाऊक. साबण विरघळला, मला दूर घेतलं, कोरड्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलं. मग मला आत ती चाहूल लागली. एक धागा, मग दुसरा, मग तिसरा. ते गोळाही झाले नाहीत आणि विरूनही गेले नाहीत. पसरत गेले, एकमेकांत अडकत गेले आणि सगळं तेल त्यांनी धरून ठेवलं.

तिने मला उलटं केलं. ते हललं नाही.

सहादेव उठायला लागला, तसं तिने हाताने थांबवलं. "मागचंही सावलीत हललं नव्हतं. चाक सावलीत फिरत नाही." तिने मला उलटंच नेऊन शेडच्या पत्र्यावर ठेवलं. दोन विटांच्या बेचक्यात मला उभं केलं, खाली वहीचा कोरा कागद घातला. पत्र्यावर हात टेकवत नव्हता. तीन वाजेपर्यंत तिथे ठेवायचं ठरलं.

पण वेळ कुणाकडे होता? काकासाहेबांनी निकालाची वाट न पाहता लहान कढई पेटवली, त्याच मापाने तेल ओतलं आणि स्वतः ढवळायला बसले. नळीने दगा दिला तर कढईही ओतून द्यायची, आणि मग उरलेला साबणही गेला. खाली कढई आणि वर मी, दोघी एकाच वेळी तापत होतो.

तीन तास, मित्रांनो. चिरेतून उन्हाची रेघ आत शिरत होती. पाऊण तासाने वंगणाची कड चकाकली. आता थेंब सुटतो, असं मला वाटलं. मला हात असते तर मी तो धरून ठेवला असता. खाली उभी राहून पुष्पावती माझ्याकडे बघत होती, तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. देवाचं नाव घेत होती की आईचं, ते कळलं नाही. ती चकाकी तिथेच थांबली. जाळीने तेल सोडलं नाही.

तीन वाजता शिडीवर चढून तिने विटांमधून मला उचललं आणि कागद काढला. तो कागद तिने खाली दिला नाही. स्वतः खाली उतरून काकासाहेबांच्या हातात ठेवला. कागद कोरा होता.

"भर डबा," काकासाहेब भिमाजीला म्हणाले, आणि तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. धुराने झालं, असं नंतर सांगत होते.

सहादेव डबा आणि बेअरिंग घेऊन चारच्या आत निघाला. त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी टँकरच शेडसमोर येऊन उभा राहिला. सहादेवने खाली उडी मारली आणि मागच्या चाकावर उघडा तळहात ठेवून दाखवला.

"वैनी, तुमच्या आईचा सांगावा हाय. दिवस मावळायला पानी पोचलं. बाकीच्या पाची गाड्या बी हापिसानं येळंला थांबवल्या. बाळातीन बरी हाय. बाराव्याला बारसं धरलंय, लेकीला धाडा म्हनल्या." मग म्हणाला, "टँकर दिसला तवा त्या रडत हुत्या. कुनी थांबवलं हुतं पानी, म्हून इचारत हुत्या. मी काय सांगितलं न्हाई."

"मी सांगेन," पुष्पावती म्हणाली. बारशाला गेली तेव्हा तिने सांगितलंही.

मला वाटलं होतं, तडकलेल्या नळीला आता पुन्हा खोकं. पण काकासाहेबांनी कॉलेजाजवळच्या दुकानातून डझनभर नव्या नळ्या आणल्या आणि मला मात्र त्या दिवसाच्या वंगणासकट सुतळीला बांधून दारात टांगलं. "हिला पेन्शन," म्हणाले.

दिवाळीच्या आधी नव्या तेलाचं पिंप आलं. शेडमध्ये पाव्हणे बसले होते, त्यात एक बडा व्यापारीही होता. तेल काळं, हिरव्या झाकेचं, अगदी जुन्यासारखं. काकासाहेबांनी वाटी हातात घेतली, बोटांत चोळली, वास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काकासाहेबांनी वाटी खाली ठेवली आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली.

"सूनबाई, नळी घिऊन भायेर ये. आन काय दिसंल ते हितंच, समद्यांम्होरं सांग."

ती बाहेर आली, त्या उंबऱ्यावर ह्या वेळी थांबली नाही.

माझी गोष्ट एवढीच आहे. आज मी काही कामाची नाही. पण तुमच्या शाळेत माझ्या बहिणी आहेत. त्यांना हळू हाताळा, नळावर आपटू नका, तापलेल्या अंगाला ओलं फडकं लावू नका. टवका उडाला म्हणून लगेच फेकून देऊ नका. आणि त्यांच्यात जे दिसेल ते, समोर कुणीही बसलेलं असो, तोंडाने सांगा. आम्हा नळ्यांना दाखवता येतं, मित्रांनो, सांगता येत नाही. ते काम तुमचं आहे.

आता पुन्हा उन्हाळा आला आहे आणि पत्रा तापायला लागला आहे. माझ्या तोंडाखालच्या जमिनीवर अजून एकही डाग पडलेला नाही.